गोथेनबर्गला बिऱ्हाड हलवताना: पहिल्या वर्षाची आखणी

स्वीडनमधल्या गोथेनबर्गची नोकरी मिळाली की कंपनी एकाला पत्र देते, विमानाची तिकिटं देते, बहुतेक वेळा सुरुवातीच्या काही आठवड्यांचं घरही देते. बाकीच्या घराने काय करायचं ते कुठल्याच पत्रात नसतं. मी रत्नागिरीतली शाळेची नोकरी सोडून इथे आले तेव्हा थोरला सहा वर्षांचा होता आणि धाकटी दोनची. आता मी इथल्या एका बालवाडीत काम करते, त्यामुळे नव्याने येणारी मराठी घरं मला आतून दिसतात आणि बालवाडीच्या दारातूनही दिसतात. माझं म्हणणं आधीच सांगते: पहिलं वर्ष ज्याला नोकरी मिळाली त्याच्या सोयीने आखू नका. जी व्यक्ती आपली नोकरी सोडून सोबत आली आहे, तिच्या सोयीने आखा. ती रुळली की मुलं रुळतात. ती घरात अडकून पडली, तर पगार कितीही असो, तिसऱ्या हिवाळ्यात परत जायच्या गोष्टी सुरू होतात. मी अशी घरं पाहिली आहेत.

निघण्यापूर्वी

विवाह नोंदणीचा दाखला आणि मुलांचे जन्मदाखले यांवर अपोस्टिल करून घ्या. त्यासाठी आधी राज्य सरकारचं साक्षांकन आणि मग परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का, अशा दोन पायऱ्या आहेत आणि त्याला वेळ लागतो. पासपोर्ट, विवाहाचा दाखला आणि मुलांच्या दाखल्यातलं आईचं नाव यांचं स्पेलिंग एकच आहे ना, हे शांतपणे बसून ताडून बघा. आपल्याकडे लग्नाआधीचं आणि नंतरचं नाव असा घोळ हमखास असतो, आणि तो इथे येऊन सोडवणं फार कठीण जातं. मुलांच्या डॉक्टरांकडून लसींची यादी तारखांसकट, इंग्रजीत, स्वच्छ अक्षरात लिहून आणा. आपली पदवी आणि गुणपत्रिकाही मूळ प्रतीत आणा, घरी कपाटात ठेवून येऊ नका. भारतीय ड्रायव्हिंग लायसन्स इथे नोंदणी झाल्यापासून एक वर्षच चालतं आणि ते बदलून मिळत नाही. गाडी चालवायची असेल तर पुन्हा परीक्षा द्यावी लागते, घसरड्या रस्त्याच्या प्रशिक्षणासकट.

नंबर, खातं, दारावरचं नाव

स्वीडनमध्ये राहायचा परवाना वर्षभराचा किंवा त्याहून जास्त असेल, तर पहिल्याच आठवड्यात सगळ्या कुटुंबाने मिळून टॅक्स ऑफिसात, म्हणजे स्काट्टेवेर्केटमध्ये, जाऊन नोंदणी करायची. तिथून प्रत्येकाला पर्सूननुम्मेर, म्हणजे स्वतःचा ओळख क्रमांक, मिळतो. तो आला की ओळखपत्र, ओळखपत्रावर बँकेत खातं, खात्यावर बँक-आयडी, म्हणजे फोनवरची डिजिटल ओळख. हा क्रम मोडता येत नाही. आणि बँक-आयडीशिवाय डॉक्टरची वेळ, बालवाडीचं ॲप, विम्याचा अर्ज, काहीच उघडत नाही.

इथेच बहुतेक घरांत गाडी रुळावरून घसरते. नवऱ्याचं खातं उघडतं, त्याचा बँक-आयडी चालू होतो, रोजचं काम भागतं, आणि बायकोचं ‘नंतर बघू’ म्हणून महिनोन् महिने राहून जातं. मग मुलाच्या शाळेचा साधा निरोप वाचायलाही तिला नवऱ्याचा फोन हवा. असं होऊ देऊ नका. दोघांची ओळखपत्रं एकाच दिवशी मागा, दोघांची खाती एकाच आठवड्यात उघडा. मुलांचा भत्ता महिन्याला प्रत्येक मुलामागे 1250 क्रोनर असतो, आणि आई-वडील दोघांकडे ताबा असेल तर तो साधारणपणे अर्धा अर्धा दोघांच्या खात्यांत जमा होतो. आईचं स्वतःचं खातं असायला एवढं कारणही पुरेसं आहे.

घर भाड्याने घ्याल तेव्हा टपालपेटीवर आणि दारावर चौघांची आडनावं लागली आहेत याची खात्री करा. पेटीवर नाव नसेल तर पत्र परत जातं, आणि इथली सरकारी पत्रं अजूनही कागदावर येतात.

सोबत आलेल्या व्यक्तीची शाळा

नंबर मिळाल्याबरोबर एसएफआयला नाव घाला. हा प्रौढांसाठीचा स्वीडिश भाषेचा वर्ग आहे आणि तो मोफत असतो. शिकलेल्या माणसाला वेगाने नेणारी वेगळी वाट त्यात असते. ऑनलाइन आणि संध्याकाळचे वर्गही मिळतात, पण शक्य असेल तर दिवसाचा, समोर बसून शिकायचा वर्गच घ्या. सकाळी आवरून, ट्रामने, आपल्या कामासाठी बाहेर पडणं हे त्या पहिल्या वर्षात भाषेइतकंच लाख मोलाचं असतं. माझ्या वर्गात सीरियातली एक सुतार बाई होती, ब्राझीलचा एक वादक होता. मराठी किंवा हिंदीत बोलायची सोयच नव्हती, म्हणून जीभ सुटली.

दुसरं काम म्हणजे पदवीचं मूल्यमापन. ‘विद्यापीठ आणि उच्चशिक्षण परिषद’ ही सरकारी संस्था हे काम मोफत करते, अर्ज ऑनलाइन असतो. शिक्षक, नर्स, डॉक्टर अशा व्यवसायांना वेगळा परवाना लागतो आणि त्यात वर्षं जातात. मी शिक्षिकेच्या परवान्याच्या रांगेत न थांबता प्रौढशिक्षणातून बालसंगोपनाचा अभ्यासक्रम केला आणि बालवाडीत लागले. ज्यांना मुलांत राहायला आवडतं त्यांना ही वाट मी मनापासून सुचवेन: अभ्यास स्थानिक आहे, भाषा कामातूनच पक्की होते. नोकरीच्या परवान्यावर आलेल्याच्या जोडीदाराला बहुतेक वेळा काम करायची मुभा असतेच. आपलं परवान्याचं कार्ड नीट वाचा.

एसएफआयचा आणखी एक उपयोग फारसा कुणी सांगत नाही. आई घरी असेल तर मुलाला बालवाडीत आठवड्याला निदान 15 तासांचा हक्क असतो. ती शिकत किंवा काम करत असेल, तर त्या वेळेला पुरतील इतके तास मिळतात. म्हणजे आईचा वर्ग मुलाचीही सोय करतो.

बालवाडीचे पहिले आठवडे

अर्ज केल्यापासून चार महिन्यांत शहराने जागा द्यायची असते, म्हणून नंबर हातात आला की त्याच दिवशी अर्ज करा. मूल एक वर्षाचं झालं की ते जाऊ शकतं. शुल्काला वरची मर्यादा आहे: पहिल्या मुलासाठी उत्पन्नाच्या 3 टक्के, दुसऱ्यासाठी 2 टक्के, आणि त्यालाही एका रकमेवर थांबवलेलं. जेवण त्यातच. जागा मिळेपर्यंतचा काळ रिकामा घालवू नका. शहरभर ‘खुल्या बालवाड्या’ आहेत. तिथे नाव नोंदवावं लागत नाही, पैसे लागत नाहीत, मोठं माणूस मुलाबरोबर बसतं. इथेच मुलाला वाळू, गाणी, रांगेत हात धुणं या सगळ्याची सवय लागते आणि आईला दुसऱ्या आया भेटतात.

जागा मिळाल्यावर सुरुवातीचा एक-दोन आठवड्यांचा काळ मुलाला सवय लावण्याचा असतो, त्याला इन्स्कूलनिंग म्हणतात. काही बालवाड्यांत पालक पहिले दोन-तीन दिवस पूर्ण वेळ मुलासोबत राहतात आणि मग मूल एकटं थांबतं. काही ठिकाणी पहिल्या दिवशी तासभर, मग हळूहळू जास्त, असं करतात. रोज एकच पालक जा, आज आई उद्या बाबा असं नको. फोन पिशवीत ठेवा. जमिनीवर एका जागी बसा आणि मुलाला आपल्यापासून लांब जाऊन परत यायला द्या. त्याच्या मागे मागे फिरू नका आणि ‘जा ना, खेळ ना’ म्हणून ढकलूही नका. तुम्ही तिथे आहात एवढं त्याला पुरतं.

निघताना मूल खेळात रमलेलं बघून गुपचूप सटकायची आपल्याकडे पद्धत आहे. कृपा करून ते करू नका. दारातून रोज मी बघते: ज्या मुलाची आई सांगून जाते ते मोठ्याने रडतं आणि थोड्याच वेळात खेळायला लागतं. ज्याची आई न सांगता जाते ते कमी रडतं, पण दिवसभर दाराकडे बघत राहतं. जवळ घ्या, ‘जेवण झालं, झोप झाली की आई येईल’ असं घड्याळाऐवजी दिवसाच्या खुणांनी सांगा, आणि निघा. निघाल्यावर परत वळू नका.

शिक्षिकांना एक कागद द्या. त्यावर रोमन लिपीत मुलाचे शब्द लिहा: पाणी, शू, शी, झोप, दुखतंय, नको, आई येईल. समोर स्वीडिश अर्थ. हा कागद आमच्याकडे भिंतीवर लावला जातो आणि रोज वापरला जातो. झोपेसाठी घरची गोधडी किंवा आईची जुनी ओढणी द्या. बाळं पुष्कळदा बाहेर, थंडीत, बाबागाडीतच झोपवली जातात. ते बघून जीव घाबरतो, पण त्यांना नीट गुंडाळलेलं असतं, कुणीतरी लक्ष ठेवून असतं, आणि झोप खरोखर छान लागते.

जेवणाची तयारी महिनाभर आधी घरी सुरू करा. मुलाने स्वतःच्या हाताने, चमच्याने, मोबाइलशिवाय खायला हवं. इथे कुणी चिऊ-काऊचा घास करून भरवणार नाही. सांडू द्या. शाकाहारी, अंडं नको, डुक्कर-गोमांस नको, काय असेल ते लेखी द्या. त्यासाठी अर्ज असतो आणि तो पाळला जातो.

एक गंभीर गोष्ट. स्वीडनने 1979 साली मुलांना मारणं कायद्याने बंद केलं, असं करणारा तो जगातला पहिला देश. एक चापटसुद्धा यात येते. मुलांबरोबर काम करणाऱ्या आम्हा सगळ्यांवर काळजी वाटली तर कळवण्याचं बंधन आहे. पण यात घाबरून राहण्यासारखं काही नाही. मूल ऐकत नाही, आपला तोल जातो असं वाटलं तर बालआरोग्य केंद्रातल्या नर्सशी मोकळेपणी बोला. त्या ऐकून घेतात आणि पालकांच्या वर्गांची माहिती देतात.

कपडे, आजारपण, अंधार

गोथेनबर्ग हे बर्फापेक्षा पावसाचं आणि वाऱ्याचं गाव आहे. कोकणातल्या माणसाला पावसाचं काही वाटत नाही, पण हा पाऊस थंड आणि आडवा येतो, छत्री टिकत नाही. मुलं बालवाडीत पावसातही बाहेर जातात. म्हणून रबरी पावसाळी पँट आणि जाकीट, गमबूट, आत लोकर, हातमोज्यांचे दोन जोड, आणि खुंटीवर टांगलेल्या पिशवीत एक पूर्ण जास्तीचा जोड. प्रत्येक वस्तूवर नाव लिहा, मोज्यावरसुद्धा. जाकिटाला चमकणारे रिफ्लेक्स लावा. हे सगळं नवीन घ्यायची गरज नाही. जुन्या वस्तूंची दुकानं आणि ऑनलाइन बाजार चांगल्या स्थितीतल्या लहान मुलांच्या कपड्यांनी भरलेले असतात. भारतातून गरम कपडे विकत आणू नका, ते या ओलाव्यात उपयोगी पडत नाहीत.

पहिल्या हिवाळ्यात मूल सारखं आजारी पडेल. ते धरूनच चाला. त्यासाठी रजेची सोय आहे: नोकरी करणाऱ्या पालकाला आजारी मुलासाठी, बारा वर्षांपर्यंत, प्रत्येक मुलामागे वर्षाला 120 दिवसांपर्यंत पगाराच्या जवळपास 80 टक्के मिळतात. आईने पहिली नोकरी धरली की ही रजा दोघांनी वाटून घ्या. इथल्या कचेऱ्यांत बाबाने ती घेणं रोजचंच आहे, कुणी भुवया उंचावत नाही. उलटी-जुलाब असतील तर थांबल्यावर साधारण 48 तास मूल घरीच ठेवायचं.

डॉक्टर लगेच भेटत नाहीत, आणि ताप म्हटला की अँटिबायोटिक मिळत नाही. 1177 या आरोग्य सल्ल्याच्या नंबरला फोन करा, दिवसरात्र नर्स असते, ती विचारून पुढचं सांगते. साधा ताप असेल तर वजनाप्रमाणे पॅरासिटॅमॉल, भरपूर पाणी आणि वाट बघणं. श्वास घ्यायला त्रास, मूल निपचित पडणं, किंवा तीन महिन्यांखालच्या बाळाला ताप, यात थांबायचं नाही. अत्यवस्थ असेल तर 112 हा तातडीचा नंबर. मुलांचं मोठं रुग्णालय ड्रॉटनिंग सिल्विया, ते पूर्वेकडच्या ओस्त्रा रुग्णालयाच्या आवारात आहे. कुठे आहे ते आधीच एकदा बघून ठेवा.

डिसेंबरात सूर्य नऊच्या सुमारास उगवतो आणि साडेतीनच्या आत मावळतो. दोन वर्षांपर्यंतच्या सगळ्या मुलांना इथे ड जीवनसत्त्वाचे थेंब देतात. आपल्या सावळ्या मुलांना पुढेही चालू ठेवायचे का ते नर्सला विचारा, बहुधा ‘हो’ म्हणतील. शनिवार-रविवार अकरा ते एक ही वेळ बाहेरची, मग घर आवरायचं राहिलं तरी चालेल. स्लॉट्सस्कोगन बागेत सील आणि पेंग्विन बघायला पैसे पडत नाहीत. दिवाळीचा आकाशकंदील उतरवू नका. नोव्हेंबर संपता संपता शेजारच्या खिडक्यांत कागदी तारे आणि मेणबत्त्यांचे दिवे लागतात. आमचा कंदील त्यांच्या बरोबरीने जानेवारीपर्यंत लागतो आणि शेजाऱ्यांशी बोलणं त्याच्यामुळेच सुरू झालं.

मासे, बेटं, सामानातला डबा

समुद्राकाठच्या घराला मासा लागतोच. फेस्केशिर्का हा चर्चसारखा दिसणारा मासळीबाजार 1874 साली बांधलेला, नूतनीकरणानंतर 2024 मध्ये पुन्हा उघडला. बघायला जरूर जा, पण रोजच्या खरेदीला तो महाग आहे. आपल्या बांगड्याच्या जातकुळीतला मासा इथे माक्रिल्ल नावाने मिळतो. चव अगदी आपल्यासारखी नाही, चरबी जास्त, म्हणून तिखल्यात तेल कमी आणि आमसूल एखादं जास्त घाला. ‘ताजी’ म्हणून मिळणारी कोळंबी होडीवरच उकडलेली असते. तिला पुन्हा शिजवलीत तर रबर होईल. कोळंबीभात करायचा तर भात पूर्ण झाल्यावर, आच बंद करून ती मिसळा. कालवणासाठी कच्ची कोळंबी आशियाई दुकानातल्या फ्रीजरमधून घ्या.

भारतातून येताना युरोपीय संघाचे नियम पक्के लक्षात ठेवा. मांस आणि दुधाचे पदार्थ आणता येत नाहीत, म्हणजे आईने दिलेलं साजूक तूप, पेढे, खव्याच्या पोळ्या नाहीत. ताजा कढीपत्ताही नाही. वाळलेले मसाले चालतात. आणि सुकी मासळी वैयक्तिक वापरासाठी 20 किलोंपर्यंत चालते, तेव्हा सोडे, सुकट, बोंबील खुशाल आणा, फक्त हवाबंद करून.

उन्हाळ्यात 11 नंबरच्या ट्रामने सॉल्टहोल्मेनला जा आणि त्याच तिकिटावर बोटीने स्टिर्स्यो, ब्रेन्यो किंवा व्रॉन्ग्यो बेटावर. तिथे गाड्या नाहीत, मुलांना मोकळं सोडता येतं. दोरीला कपड्यांचा चिमटा, चिमट्यात फोडलेला शिंपला, आणि धक्क्यावर पालथं पडून खेकडे पकडायचे. इथल्या सगळ्या मुलांचा हा खेळ आहे, शेवटी खेकडे परत पाण्यात सोडायचे असतात. आमच्या थोरल्याला पहिला स्वीडिश मित्र वर्गात मिळाला नाही, या धक्क्यावर मिळाला.

घरातली मराठी

सहा वर्षांचं मूल इथे पूर्वतयारीच्या वर्गात जातं. तो सक्तीचा आहे, पण त्यात पाटी-पुस्तकाचा धोशा नसतो. पहिली सातव्या वर्षी. आपल्या लोकांना वाटतं की वर्ष फुकट चाललं. मी याच वर्षात मुलाला बाराखडी शिकवली. स्वीडिश वाचन जोरात सुरू होण्याआधी देवनागरी हातात बसली, आणि दोन लिप्यांचा गोंधळ अजिबात झाला नाही. रोज झोपताना एक पान, त्याहून जास्त नाही. घरात स्वीडिश बोलून मुलाला ‘मदत’ करू नका. स्वीडिश ते बालवाडीत अस्सल शिकतं, आपली मोडकी भाषा त्याला नको. आम्हालाही बालवाडीत तेच हवं असतं.

शाळेत गेल्यावर मातृभाषेच्या तासाचा हक्क असतो. अट अशी की निदान एका पालकाची ती मातृभाषा असावी, घरात रोज बोलली जावी आणि मुलाला ती थोडीतरी येत असावी. शहरातल्या निदान पाच मुलांनी मागणी केली आणि योग्य शिक्षक मिळाला, तर तास सुरू करणं नगरपालिकेला भाग आहे. म्हणून अर्जावर ‘मराठी’ लिहा. शिक्षक सहज मिळेल म्हणून हिंदी लिहिणारी घरं मला माहीत आहेत. त्याने आपलीच मागणी कागदावरून पुसली जाते. वोल्वो आणि लिंडहोल्मेन भागातल्या कंपन्यांमुळे इथे मराठी घरं पुष्कळ आहेत. गणपतीला जमाल तेव्हा आरतीनंतर पाच मिनिटं याच कामाला द्या: कुणाकुणाची मुलं शाळेत आहेत, अर्ज भरला का, आणि आपल्यात शिकवू शकेल असं कोण आहे.

आजी-आजोबा

त्यांना दिवाळीला बोलवायची आपली ओढ असते. नका बोलवू. नोव्हेंबरात अंधार, ओली थंडी, घरात कोंडून घेतलेली म्हातारी माणसं, त्यांचे गुडघे. मे ते ऑगस्ट बोलवा. जूनमध्ये रात्री दहानंतरही उजेड असतो, ते स्वतः ट्रामने फिरू लागतात, नातीला घेऊन खुल्या बालवाडीत बसतात.

शेंगेन व्हिसावर 180 दिवसांत 90 दिवस राहता येतं. त्याहून जास्त राहायचं तर वेगळ्या परवान्याचा अर्ज भारतातूनच, निघण्याआधी करावा लागतो. व्हिसासाठी तुमचं निमंत्रणाचं पत्र, टॅक्स ऑफिसचा नोंदणीचा दाखला आणि निदान 30,000 युरोंचा प्रवास-विमा लागतो. विमा घेताना आधीपासूनच्या रक्तदाब-मधुमेहाला तो लागू आहे का ते वाचा, कारण पाहुण्यांना इथे उपचारांचा पूर्ण खर्च भरावा लागतो. गोळ्या सगळ्या मुक्कामाला पुरतील एवढ्या, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह आणायला सांगा. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, मेमध्ये यायचं असेल तर जानेवारी-फेब्रुवारीतच भरा. आणि शक्य असेल तर आई-बाबा आणि सासू-सासरे यांना एकाच वेळी बोलवू नका. मे-जून एक जोडी, जुलै-ऑगस्ट दुसरी. मुलांना सलग चार महिने घरात आजी मिळते, आणि तेवढ्यात आईचा एसएफआयचा पुढचा टप्पा पार पडतो.